घरचे साबण आणि उटणं: हातात आठ हजार आहेत, दिवाळीपर्यंत कुठे लावू?

इंदिरानगरवाली

नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंदिरानगरात राहते. दीड वर्ष झालं, घरी साबण करते. तयार बेस आणून, वितळवून साच्यात ओततात तो नाही. खोबरेल, राइस ब्रॅन, एरंडेल आणि कोकमतेल मोजून घ्यायचं, कॉस्टिक सोड्याचं पाणी करून गार करायचं, असा पहिल्यापासून. ओतल्यावर दुसऱ्या दिवशी कापते आणि सहा आठवडे मुरल्याशिवाय वडी कोणाच्या हातात देत नाही.

सुरुवात स्वतःसाठी झाली. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या की माझ्या हातांची कातडी तडतडायची, साबण लावला की आग व्हायची. स्वतः केलेला साबण वापरून ओढ कमी झाली. मग जावेने मागितला, मग तिच्या शाळेतल्या बाईंनी. दिवाळीला उटणंही करते, आईच्या मापाचं: नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, गव्हला, वाळा, संत्र्याची साल आणि मसूर डाळ. सगळं उन्हात खडखडीत वाळवून, दळून, वस्त्रगाळ केलेलं.

माल चांगला आहे असं घेणारे म्हणतात. पण घेणारे तेच तीस-बत्तीस जण. त्यापलीकडे जायला मी काय काय केलं ते सगळं लिहिते, म्हणजे चुकतंय कुठे ते तुम्हाला दिसेल.

फेब्रुवारीत गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. टेबलाचं भाडं ३,००० रुपये. दोन दिवसांत ११ वड्या गेल्या, ९० रुपयांप्रमाणे ९९० रुपये. लोक यायचे, वडी उचलायचे, नाकाशी न्यायचे, "छान आहे हो" म्हणायचे आणि परत ठेवून द्यायचे.

मार्चमध्ये इन्स्टाग्रामवर २,२०० रुपये भरून जाहिरात चालवली. लाइक आले इंदूरहून, सुरतहून, नागपूरहून. ऑर्डर आली एक, अमरावतीची, दोन वड्यांची. तिला कुरिअरचे ८५ रुपये लागले.

कॉलेज रोडच्या एका दुकानात २४ वड्या ठेवल्या, विकल्या की पैसे या बोलीवर. त्यांनी त्या काचेत मांडल्या, तिथे दुपारचं ऊन थेट येतं. हळदीच्या वड्यांचा रंग उडून त्या पांढुरक्या पडल्या. चार महिने झाले. १४ गेल्या म्हणतात, पैसे मात्र दर वेळी पुढच्या आठवड्यात.

आणि सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट. आपण नाशिकचे, म्हणून द्राक्षबियांच्या तेलाची वडी करायचं मनात आलं. एकूण तेलात पाव हिस्सा ते घातलं. वडी इतकी मऊ आणि सुंदर उतरली की सोसायटीत कौतुक झालं. दोन महिन्यांनी वड्यांवर केशरी ठिपके उमटले आणि खवट वास यायला लागला. नऊ जणींच्या घरी स्वतः जाऊन ८१० रुपये परत केले. पैशाचं एवढं काही नाही. पण खालच्या मजल्यावरच्या काकू माझं पहिलं गिऱ्हाईक होत्या. त्यांनी पैसे घेतले, चहा दिला आणि त्यानंतर आजवर काही मागितलं नाही.

आता माझ्याकडे ८,००० रुपये आहेत. घरखर्चातून बाजूला काढलेले आहेत, ते बुडवायचे नाहीत. गणपती, नवरात्र, दिवाळी हा मोसम समोर आहे. पुन्हा स्टॉल घेऊ, जाहिरात देऊ, सुंदर डबे करून घेऊ की अजून काही? ९० रुपये भाव बरोबर आहे का? परवान्याचं काय असतं? कोणी नाशिकमधलं असेल तर फार बरं होईल, कारण मुंबई-पुण्याचे सल्ले वाचून झालेत.

कॉलेजरोडकर

ताई, रील्स करा. साबण कापतानाचे व्हिडिओ लोक बघत बसतात. दुसरं म्हणजे सिंहस्थ. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शाहीस्नानं आहेत, लाखोंनी लोक येणार. छोटी वडी आणि उटण्याची पुडी मिळून एक "स्नान किट" करून रामकुंडाच्या वाटेवर विकलं तर एका दिवसात वर्षाची विक्री होईल.

पंचवटीची मावशी

बाळा, मी वयाने तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून तू म्हणते. नऊ वर्षं उटणं आणि साबण विकतेय, सुरुवातीला एकटी आणि आता आमच्या बचत गटाकडून. तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं.

आधी वरच्या प्रतिसादाबद्दल. मी रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर राहते. तिथे बुडी मारायला येणाऱ्याच्या हातात साबण देऊ नकोस. तो फेस गोदावरीत जातो आणि तेच पाणी पुढचा माणूस ओंजळीत घेतो. सिंहस्थात विकायचंच असेल तर जिथे लोक मुक्कामाला असतात तिथे वीक, त्यांच्या न्हाणीघरासाठी. नदीच्या वाटेवर नाही. हे मी मनापासून सांगते.

आता तुझा प्रश्न. तुझ्या स्टॉलवर लोकांनी वडी हुंगली आणि ठेवली, हे तू स्वतःच लिहिलंयस. साबण हुंगून कळत नाही, तो हाताला लागावा लागतो. मला हे डोंगरे मैदानावरच्या एका प्रदर्शनात कळलं, तेही अपघाताने. माझ्या टेबलाशेजारी एका ताईंचं सरबताचं दुकान होतं आणि त्यांच्याकडे नळाचं पिंप होतं. एका लहान मुलाचे हात कोकमाने लाल झाले, त्याच्या आईने विचारलं, धुवायला काही आहे का? मी माझी एक वडी दिली. तिने मुलाचे हात धुतले, मग स्वतःचे धुतले, मग दोन्ही हात एकमेकांवर घासत उभी राहिली. कोरडे झाल्यावर पुन्हा बोटं चोळून बघितली. तिने चार वड्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी मी घरून पाण्याचं पिंप, घमेलं आणि सहा नॅपकिन घेऊन गेले. पाटी लावली: हात धुऊन बघा. त्या दिवशी जेवढी विक्री झाली तेवढी आधीच्या दोन प्रदर्शनांत मिळून झाली नव्हती.

म्हणून तुझे पैसे हात धुवून दाखवण्यात घाल. वडी चौकोनी कापताना कडेचे तुकडे निघतात ना, त्यांचं काय करतेस? टाकत असलीस किंवा घरात वापरत असलीस तर थांब. साधारण १५ ग्रॅमचे तुकडे कर, बटर पेपरात गुंडाळ, वर नाव आणि नंबराची बारीक चिठ्ठी. १०० ग्रॅमच्या वडीला तुला तेल, कॉस्टिक, सुगंध धरून ४० रुपयांच्या आसपास पडत असतील, म्हणजे तुकडा सहा रुपयांना आणि कागद-चिठ्ठीचा एक. शंभर तुकडे ७०० रुपयांत. तुझी ती २,२०० ची जाहिरात आणि हे, दोन्ही समोरासमोर ठेवून बघ.

तुकडे वाटायचे कुठे, तर जिथे बायका बसलेल्या असतात आणि घाई नसते. भजनी मंडळ, भोंडला, कोजागिरी, योगवर्ग. रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला देऊ नकोस, तो खिशात जातो आणि विसरला जातो. आणि देताना नंबर घ्यायचा. आठव्या दिवशी एकच मेसेज: "तुकडा वापरला का? हाताला कसा वाटला?" घ्या म्हणायचं नाही. ज्यांना हवा असतो त्या आपणहून भाव विचारतात.

या सगळ्याची एक वही ठेव. माझ्या वहीत कोणाला दिला, तिने परत मागितला का, काय म्हणाली, एवढंच असतं. पहिल्यांदा विकत घेणारी बाई ओळखीखातर घेते, दुसऱ्यांदा घेणारी साबणाखातर घेते. तुझे तीस-बत्तीस जण परत परत घेतात, हीच तुझ्याकडची सगळ्यात मोठी कमाई आहे आणि तू ती अडचण म्हणून लिहिलीस! त्या प्रत्येकीला वडीबरोबर दोन तुकडे जास्तीचे दे, बहिणीला आणि शेजारणीला द्यायला.

व्हॉट्सअ‍ॅपची एक गोष्ट सांगते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण घेता येतात, पण ज्यांच्या फोनमध्ये तुझा नंबर सेव्ह आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून तुकडा देतानाच समोर उभं राहून म्हणायचं, "माझा नंबर सेव्ह करता का, साबणवाली म्हणून." माझ्याकडे दीडशेच आहेत, पण त्या दीडशेंनी नंबर स्वतःच्या हाताने सेव्ह केलेला आहे.

कुरिअर सध्या बंद कर. शंभरच्या आतबाहेरच्या वस्तूला ८५ रुपये वाहतूक परवडतच नाही. नाशिक काही लहान गाव नाही. मी मंगळवारी गंगापूर रोड-कॉलेज रोड आणि शनिवारी सिडको-पाथर्डी फाटा असे दोन दिवस ठरवलेत. स्कूटीवर एका फेरीत दहा-बारा घरं होतात.

भाव. ९० रुपये कमी आहेत, आणि हे दुकानामुळे लक्षात येतं. ४० रुपयांची वडी, सहा रुपयांचं वेष्टन, म्हणजे ४६. दुकानदाराला ३५ टक्के द्यायचे तर साडेएकतीस त्याचे. तुझ्या हातात साडेअठ्ठावन्न, त्यातून ४६ गेले, उरले साडेबारा. सहा आठवडे मुरवायचं, उन्हापावसातून पोचवायचं आणि साडेबारा? १३० कर. तेव्हा दुकानाचे साडेपंचेचाळीस जाऊनही साडेअडतीस उरतात. जुन्या बायकांना दिवाळीपर्यंत ११० ला दे, पण पाकिटावर एकच भाव ठेव. आणि दुकानात माल ठेवायचा तर सहा वड्यांच्या वर नाही, चिठ्ठीवर सही घेऊन, महिन्याच्या महिन्याला हिशेब. तुझ्या १४ वड्यांचे पैसे मागायला जाशील तेव्हा उरलेल्या दहा उचलून आण.

द्राक्षाचं. त्या तेलात लिनोलिक आम्ल फार असतं, सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणून ते लवकर खवट होतं. पाव हिस्सा फार झाला. पाच टक्क्यांच्या वर जाऊ नकोस. आणि मुरवायला वड्या कशावर ठेवल्या होत्यास? लोखंडी किंवा तारेच्या जाळीवर असतील तर तिथूनही ठिपके सुरू होतात, धातूचा स्पर्श तेलाला मानवत नाही. बांबूची टोपली किंवा लाकडी फळी, खाली कागद, आणि पावसाळ्यात खोलीत हवा खेळती हवी. नाशिकचं नाव राखायचंच असेल तर द्राक्षबिया वाळवून बारीक दळ, चाळ आणि घासायला म्हणून वडीत घाल. तू पैसे परत केलेस ते फार चांगलं केलंस. आता त्या काकूंकडे नवी वडी घेऊन जा, विकायला नाही, ठिपके का आले होते ते सांगायला. माझ्या अनुभवाने सांगते, कारण कळलं की माणसं परत येतात.

शेवटी पंचांग. आपल्याकडे बायका साबण-उटणं कधी विकत घेतात? दिवाळीत अभ्यंगासाठी, आणि संक्रांतीला वाण म्हणून. गणेश चतुर्थी ते नरक चतुर्दशी साधारण आठ आठवडे. म्हणजे गणपती बसायच्या सुमाराला ओतलेली वडी दिवाळीला मुरून तयार. त्यानंतर ओतलेली दिवाळीच्या नावाने विकू नको. उटण्याच्या ऑर्डरी नवरात्रात घ्यायच्या. वाणाचं मात्र कोणी तुला सांगितलेलं दिसत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, एकेक घर चाळीस-पन्नास वाणं लुटतं, सगळी एकसारखी, आणि एका वाणाला वीस ते तीस रुपये लावतं. त्यात १३० ची वडी बसत नाही. २५ ग्रॅमची लहान गोल वडी बसते. १४ जानेवारीच्या सहा आठवडे मागे गेलं की नोव्हेंबरअखेर येतो, तोवर ओतून व्हायला हवं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने पाच घरांची वाणं केली, गेल्या जानेवारीत एकोणीस घरांची. आणि गंमत अशी की वाण पन्नास घरी जातं. म्हणजे कोणीतरी पैसे देऊन तुझे पन्नास तुकडे वाटतं.

परवान्याचं मी आमच्या गटापुरतं सांगू शकते. आम्ही लोन लायसन्सवर करतो, म्हणजे आमचं माप आणि आमचं नाव, पण माल परवानाधारक कारखान्यात बनतो. पहिली चार वर्षं मी तशीच विकत होते. ते चूक होतं, हे आता कळतं.

सातपूरचा छापखाना

मी लेबलं आणि पाकिटं छापतो. मावशींनी परवान्याला हात घातलाय म्हणून पुढचं सांगतो, कारण माझ्याकडे महिन्यातून एक तरी ताई चुकीचा मजकूर घेऊन येतात.

आपल्याकडे अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम. विक्रीसाठी बनवायचं तर परवाना लागतो. अर्ज सीओएस-५ या नमुन्यात, परवाना सीओएस-८ मध्ये मिळतो. मावशी म्हणतात त्या लोन लायसन्सचा अर्ज सीओएस-६ आणि परवाना सीओएस-९. अन्न व औषध प्रशासनाचं नाशिक विभागाचं कार्यालय आहे, तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारा. एजंटला पैसे देण्याआधी जा. स्वतंत्र जागा आणि पात्र तांत्रिक माणूस लागतो, त्यामुळे घरच्या स्वयंपाकघरातून करणाऱ्यांना लोन लायसन्सचा रस्ता जवळचा पडतो. आणि ताई, तुकडे फुकट वाटले तरी ते लोकांच्या अंगालाच लागणार आहेत, तेव्हा हे काम आधी करा, वाटप मागून.

लेबलावर काय हवं: वस्तूचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरायचा, परवाना क्रमांक, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. वजनाला जपा. ओतताना ११५ ग्रॅमची वडी सहा आठवड्यांत पाणी उडून शंभरावर येते. ओल्या वडीचं वजन छापलं की ग्राहकाने काट्यावर ठेवल्यावर कमी भरतं. मुरल्यावर दहा वड्यांचं एकेक करून वजन करा आणि त्यातली सगळ्यात हलकी असेल ते वजन छापा.

काय छापायचं नाही तेही सांगतो. "खरूज, गजकर्ण, कोड यांवर गुणकारी" असलं काही नाही. रोग बरा करण्याचा दावा केला की ते औषध होतं आणि १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहेच. आणि "केमिकल-फ्री" नको. कॉस्टिक घालून केलेला साबण आहे तो. कॉस्टिक तेलाशी संयोग पावून त्याचा साबण होतो, वडीत मोकळं राहत नाही, हेच खरं आणि हेच सांगण्यासारखं आहे. "सहा आठवडे मुरवलेला" एवढे तीन शब्द छापा. मोठ्या कारखान्याच्या साबणावर ते दिसणार नाहीत.

पैसे वाचवायचे तर प्रत्येक प्रकाराचं वेगळं रंगीत लेबल करू नका. एकच कोरं लेबल एका रंगात ५०० छापून घ्या. प्रकाराचं नाव, महिना आणि भाव रबरी शिक्क्याने मारायचा, घटकांची छोटी चिठ्ठी मागे लावायची. खोक्याची गरज नाही, कागदी पट्टा पुरतो. मला खोक्याचं काम मिळालं तर हवंच आहे, पण पहिल्या वर्षी आठ हजारांतले पाच हजार पुठ्ठ्यात घालणाऱ्या ताया मी पाहिल्यात. त्यांचे पुठ्ठे अजून माळ्यावर आहेत.

जीएसटीची चिंता सध्या नको. फक्त वस्तू विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. साबणाच्या वडीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झालाय, तो तेव्हा कामाला येईल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र करून ठेवा. सरकारी संकेतस्थळावर आधारवरून होते आणि ती मोफत आहे.

देवळाली कॅम्प

मी विकत घेणारी आहे, विकणारी नाही. तीन वेगवेगळ्या ताईंकडून घरचा साबण घेतला आणि एकीकडूनही परत घेतला नाही. कारण सांगते. साबण छान होता, पण दहा दिवसांत साबणदाणीत त्याचा चिखल झाला. बाजारची वडी महिनाभर जाते. १२० रुपयांची वडी दहा दिवसांत विरघळली तर कोण परत घेईल? नंतर एका मैत्रिणीकडून कळलं की या साबणात ग्लिसरीन तसंच राहतं, त्याला पाणी धरायची सवय असते, म्हणून तो कोरडा ठेवायला हवा. हे मला वडी विकणाऱ्या एकीनेही सांगितलं नव्हतं.

आमच्या मळ्यात कुंपणावर घोसाळी पिकून वाळतात. आता मी त्याच्या जाळीची बोटभर जाड चकती कापून साबणाखाली ठेवते. पाणी निथळतं आणि वडी तीन-साडेतीन आठवडे सहज जाते. ताई, तुम्ही प्रत्येक वडीबरोबर अशी चकती दिलीत तर मी पहिली गिऱ्हाईक. आमच्याकडची घोसाळी तुम्हाला तशीच देईन, नाहीतरी वाया जातात.

इंदिरानगरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी उत्तर दिलं नाही, कारण काही गोष्टी करूनच लिहायचं ठरवलं होतं. आज सतरा दिवस झाले.

अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन आले. छापखानेवाले दादा म्हणाले तसंच, स्वयंपाकघरातून जमणार नाही. मावशींशी फोनवर बोलणं झालं. त्यांच्या गटाचा माल जिथे बनतो तिथे माझं माप चालेल का, ते पाहायला आम्ही दोघी गुरुवारी जाणार आहोत. ते होईपर्यंत मी नवी विक्री थांबवली आहे. मुरत ठेवलेल्या ६२ वड्या घरातच राहतील. गणपतीच्या सुमाराला तिथे ओतणं सुरू झालं तर दिवाळी गाठते, नाही तर संक्रांतीचं वाण धरेन.

कॉलेज रोडच्या दुकानातून दहा वड्या परत आणल्या. १४ पैकी नऊचे पैसे तिथेच मिळाले, पाचचे राहिलेत. मावशी, वड्या तारेच्याच जाळीवर होत्या! ती जाळी आता कोथिंबीर वाळत घालायला काढली आणि भद्रकालीतून दोन मोठ्या बांबूच्या टोपल्या आणल्या.

आठ हजारांचं असं ठरवलंय. ४,००० परवान्याच्या आणि पहिल्या घाण्याच्या कामाला. १,२०० एकरंगी लेबलांना आणि शिक्क्यांना. ७०० तुकड्यांना. १,५०० उटण्याच्या सामानाला, तेही त्याच परवान्यात बसलं तरच. उरलेले ६०० हात लावायचे नाहीत. जाहिरातीला शून्य.

काल संध्याकाळी खालच्या काकूंकडे गेले होते. हातात काही नेलं नव्हतं. तेलाचं सांगितलं, जाळीचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मग आत गेल्या आणि ती जुनी ठिपकेवाली वडी घेऊन आल्या. पैसे परत घेतल्यावरही टाकली नव्हती, भांड्यांच्या ओट्यावर हात धुवायला ठेवली होती. म्हणाल्या, "वास येतो गं, पण हात मऊ राहतात." आणि नव्या वडीला किती दिवस लागतील ते विचारलं.

मावशी, एक राहिलं. २५ ग्रॅमची गोल वडी तुम्ही कशात ओतता? पीव्हीसीचा पाइप वापरत असाल तर किती इंची, आणि वडी बाहेर काढताना चिकटत नाही का?

पंचवटीची मावशी

दीड इंची पाइप, आतून मेणकागद गुंडाळून. बाहेर निघत नसेल तर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेव, मग लाटण्याने मागून ढकल. गुरुवारी माझा पाइप घेऊन येते, बघून घे.